मेंदू-संशोधनासाठी लवचीक आणि वापरायला सोपे लेसर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लेसर बनवणारे आणि मेंदूचा अभ्यास करणारे एका टेबलाशी बसले की ठरावीक प्रश्न हटकून निघतात. एका बाजूला फेम्टोसेकंदांचा (फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचाही दहा लाखावा भाग) हिशेब नवा असतो, तर दुसऱ्या बाजूला जिवंत मेंदूच्या अडचणी. दोन्हीकडच्या मंडळींना उपयोग व्हावा अशा बेताने ही उत्तरं लिहिली आहेत.

मेंदूच्या अभ्यासात लेसरचं काम काय?

मुख्य कामं दोन. पहिलं, पाहण्याचं. चेतापेशी सक्रिय झाली की तिच्यातलं कॅल्शियम क्षणभर वाढतं. कॅल्शियम वाढल्यावर जास्त उजळणारं जीकॅम्प नावाचं प्रथिन जपानच्या जुनिची नाकाई आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडलं. जनुकीय मार्गाने ते पेशीत उतरवलं की पेशी केव्हा सक्रिय होते ते सूक्ष्मदर्शकातून पाहता येतं. पण प्रथिन आपोआप उजळत नाही, त्याला बाहेरून प्रकाश द्यावा लागतो.

दुसरं काम पेशीला चेतवण्याचं. शैवालात सापडलेलं चॅनेलऱ्होडॉप्सिन सस्तन प्राण्यांच्या चेतापेशीत घातलं, तर निळ्या प्रकाशाच्या झोताने ती पेशी हवी तेव्हा चेतवता येते, हे २००५ मध्ये दिसलं. त्यातून ऑप्टोजेनेटिक्स ही शाखा उभी राहिली.

एलईडीने भागत नाही का?

भागत असेल तर लेसर घेऊच नका. मेंदूच्या पृष्ठभागालगतचं काम किंवा एका मोठ्या भागाला एकदम उजळणं एलईडीने उत्तम होतं, खर्चही कमी येतो आणि देखभाल जवळपास नसते. केसाइतक्या बारीक फायबरमधून पुरेसा प्रकाश आत न्यायचा असेल किंवा खोलवरची एकेक पेशी सुटी पाहायची असेल, तेव्हा मात्र लेसरला पर्याय राहत नाही.

साधा, अखंड पेटणारा लेसर का चालत नाही? फेम्टोसेकंदांची भानगड कशासाठी?

मेंदूची ऊती प्रकाश विखुरते. दाट धुक्यात हेडलाइट प्रखर केला तर रस्ता दिसायच्या ऐवजी समोरचं धुकंच उजळतं, तसं इथे होतं. साध्या प्रकाशाने वाटेतला प्रत्येक थर चमकतो आणि त्या गर्दीत खालची पेशी हरवते.

यावरचा मार्ग लेसर जन्मायच्या आधीच कागदावर मांडलेला होता. मारिया गोपर्ट-मायर यांनी १९३० मध्ये जर्मनीतल्या गटिंगेनला सादर केलेल्या पीएच.डी. प्रबंधात दाखवलं, की एखादा रेणू निम्म्या ऊर्जेचे दोन फोटॉन (प्रकाशकण) जवळजवळ एकाच क्षणी शोषून घेऊ शकतो. अशी गाठ पडणं अतिशय दुर्मिळ. त्यासाठी फोटॉनांची जी दाटी लागते ती तेव्हाच्या कुठल्याही दिव्यातून मिळणं शक्य नव्हतं. १९६० मध्ये पहिला लेसर चालला आणि पुढच्याच वर्षी हा परिणाम प्रत्यक्ष दिसला. १९९० मध्ये कॉर्नेल विद्यापीठात विनफ्रीड डेंक, जेम्स स्ट्रिकलर आणि वॅट वेब यांनी त्यावर आधारलेला सूक्ष्मदर्शक उभा केला.

त्याची मेख अशी. दोन फोटॉनांची गाठ पडण्याची शक्यता तीव्रतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून जिथे किरण सर्वांत आवळलेला असतो त्या केंद्रबिंदूपाशीच प्रथिन चमकतं, वरचे थर अंधारात राहतात. शिवाय लांब तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश कमी विखुरतो, तो फायदा वेगळाच.

एवढी तीव्रता अखंड द्यायची म्हटली तर पेशी जळून जाईल. म्हणून प्रकाश छोट्या स्पंदांत, म्हणजे क्षणिक झटक्यांत, कोंबायचा. नेहमीचा लेसर सेकंदाला ८ कोटी स्पंद देतो. म्हणजे दोन स्पंदांमध्ये १२.५ नॅनोसेकंदांचं अंतर पडतं आणि प्रत्येक स्पंद सुमारे १०० फेम्टोसेकंदच टिकतो. सव्वा लाख भागांपैकी एका भागात प्रकाश, बाकी सगळा अंधार. त्यामुळे सरासरी शक्ती फक्त १ वॉट असली तरी स्पंदाच्या शिखरावर ती सव्वाशे किलोवॉटच्या घरात जाते. मधलं अंतरही सोयीचं पडतं: चमकणाऱ्या रेणूला शांत व्हायला काही नॅनोसेकंद लागतात, तेवढी उसंत त्याला मिळते.

कोणती तरंगलांबी घ्यावी?

हे प्रथिनावर ठरतं. हिरव्या जीकॅम्पसाठी ९२० नॅनोमीटरच्या आसपास, तर लाल प्रथिनांसाठी १०४० ते ११०० नॅनोमीटर. तीन-फोटॉन पद्धतीत (तिच्याबद्दल पुढे येईल) हिरव्यासाठी १३०० आणि लालसाठी १७००. १४५० नॅनोमीटरच्या आसपास पाणी प्रकाश जोरात शोषतं, म्हणून तो पट्टा सगळे टाळतात. रोज एकाच प्रथिनावर काम करणाऱ्या प्रयोगशाळेला ६८० ते १३०० नॅनोमीटरपर्यंत फिरणारा महागडा लेसर विकला जातो आणि तो आयुष्यभर ९२० वर उभा राहतो, हे पाहून वाईट वाटतं.

टायटॅनियम-सफायर लेसर इतकी वर्षं चालतोय. मग नवे स्रोत कशाला?

त्याने या क्षेत्रावर केलेले उपकार मोठे आहेत. पीटर मोल्टन यांनी १९८२ मध्ये तो दाखवला आणि १९९१ मध्ये सेंट अँड्रूज विद्यापीठातल्या विल्सन सिबेट यांच्या गटाने त्यातून अतिलघु स्पंद काढण्याची सोपी रीत शोधली. सुमारे ६५० ते ११०० नॅनोमीटर एवढा पल्ला एकाच स्फटिकात मिळतो.

पण त्याचं सगळं करता करता माणूस थकतो. त्या स्फटिकाला हिरव्या लेसरने पेटवावं लागतं आणि थंड ठेवायला पाणी फिरवणारा चिलर लागतो. चिलरचा आवाज आणि थरथर सूक्ष्मदर्शकापर्यंत पोचते. आतले आरसे खोलीच्या तापमानाबरोबर किंचित सरकतात. आणखी एक गंमत लेसर न उघडलेल्यांना ठाऊक नसते: ९३० नॅनोमीटरच्या पुढे हवेतली वाफच प्रकाश शोषते. पेटीत कोरडी हवा किंवा नायट्रोजन खेळता ठेवला नाही, तर दमट दिवशी स्पंद टिकत नाहीत. जीकॅम्पला लागणारी तरंगलांबी नेमकी या सीमेवर येते.

प्रशिक्षित उंदीर तयार आहे, त्याच्या मेंदूवरची काचेची खिडकी स्वच्छ आहे, विद्यार्थिनी पहाटेपासून तयारीत आहे आणि लेसर रुसलाय, असा दिवस या क्षेत्रातल्या बहुतेकांनी पाहिलाय. त्या उंदरामागे कित्येक आठवड्यांची मेहनत असते. म्हणून मला विश्वासार्हता हा वैज्ञानिक गुण वाटतो, निव्वळ सोय नव्हे.

फायबर लेसरने यातलं काय सुटतं?

बरंच. प्रकाश काचेच्या तंतूतूनच फिरतो, त्यामुळे सरकायला आरसे नसतात. उष्णता तंतूच्या लांबीभर पसरते, म्हणून अनेकदा साधा पंखा पुरतो. ध्रुवण, म्हणजे प्रकाशलहरींच्या कंपनाची दिशा, टिकवणारा फायबर वापरला तर पेटी उचलून दुसऱ्या खोलीत ठेवली तरी तो पुन्हा सुरू होतो.

अडचण तरंगलांबीची. यटर्बियमचे फायबर १०३० ते १०६० च्या आसपास चालतात, अर्बियमचे १५५० ला. हिरव्या प्रथिनाला हवं ९२०. इथे एक सुंदर युक्ती कामी येते. १५५० चा स्पंद विशिष्ट फायबरमधून सोडला की तो आकार न सोडता, स्वतःच्याच जोरावर लांब तरंगलांबीकडे सरकत जातो. आकार न सोडणाऱ्या अशा स्पंदाचं, म्हणजे सॉलिटॉनचं, हे सरकणं १९८६ मध्ये मिश्के आणि मोलेनॉर यांनी नोंदवलं. १८४० नॅनोमीटरला पोचलेला स्पंद स्फटिकातून नेऊन त्याची वारंवारता दुप्पट केली की मिळतात बरोबर ९२० नॅनोमीटर. किती सरकायचं हे स्पंदाच्या ऊर्जेवर ठरतं. म्हणजे एकही भाग न हलवता, विजेच्या इशाऱ्यावर तरंगलांबी बदलता येते. प्रयोगाप्रमाणे बदलणाऱ्या स्रोताची ही पहिली पायरी.

'जुळवून घेणारा' लेसर म्हणजे नेमकं काय?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच.

नेहमीचा सूक्ष्मदर्शक चौकटीतल्या प्रत्येक बिंदूवर सारखाच प्रकाश टाकतो. पण आपल्याला हव्या असतात पेशी, त्याही सगळ्या नाहीत, आणि त्यांनी व्यापलेली जागा चौकटीचा लहानसा भाग असते. बाकीच्या जागी पडलेला प्रकाश माहिती देत नाही, फक्त मेंदू तापवतो.

कॉर्नेलमधल्या ख्रिस शू यांच्या गटाने २०२० मध्ये यावर एक स्रोत प्रसिद्ध केला. आधी एकदा पूर्ण चित्र घ्यायचं, त्यात हव्या त्या पेशी आखायच्या, आणि मग किरण त्या पेशीवर असेल तेवढ्याच क्षणी लेसरने स्पंद द्यायचा. दोन पेशींच्या मधल्या प्रवासात लेसर गप्प.

हे शटर लावूनही जमेल असं वाटतं, पण फरक मोठा आहे. शटर तयार झालेला प्रकाश वाया घालवतं. इथे शेवटच्या प्रवर्धकात, म्हणजे स्पंदांची ऊर्जा वाढवणाऱ्या भागात, शिरण्याआधीच स्पंद निवडले जातात, त्यामुळे प्रवर्धकाची सगळी शक्ती उपयोगी स्पंदांच्याच वाट्याला येते. पण थोडा वेळ गप्प राहिलेल्या प्रवर्धकात ऊर्जा साठते. पुढच्या तुकडीतला पहिला स्पंद ती ओरबाडून घेतो आणि मागचे उपाशी राहतात. तसंच सोडलं तर पेशीची एक कड उजळ आणि दुसरी मंद दिसेल. म्हणून आत जाणारे स्पंद मुद्दाम चढत्या भाजणीत पाठवतात, म्हणजे बाहेर येताना सगळे सारखे होतात. ही जुळणी प्रत्येक चित्रासाठी वेगळी आणि आपोआप व्हावी लागते. अभियांत्रिकीचा खरा घाम इथेच गळतो.

तीन-फोटॉन पद्धतीला वेगळा लेसर लागतो का?

हो. उंदराच्या मेंदूच्या वरच्या थराची जाडी साधारण १ मिलिमीटर. दोन-फोटॉन पद्धत त्याच्या तळाशी पोचेपर्यंत धापा टाकते, कारण वरून येणारी पार्श्वभूमीची चमक वाढत जाते. तीन फोटॉन एकत्र यावे लागले की ती चमक जवळपास नाहीशी होते. २०१३ मध्ये १७०० नॅनोमीटरच्या आसपास हे उंदराच्या मेंदूत दाखवलं गेलं, आणि २०१७ मध्ये १३०० नॅनोमीटर वापरून वरचा थर न काढता त्याखालच्या हिप्पोकॅम्पस या भागातल्या पेशींची हालचाल टिपली गेली.

मोल मात्र द्यावं लागतं. प्रत्येक स्पंदात जास्त ऊर्जा हवी, म्हणून मेंदू न तापवता सेकंदाला साधारण १० लाखच स्पंद परवडतात. ५१२ गुणिले ५१२ बिंदूंच्या चित्रात प्रत्येक बिंदूला एक स्पंद म्हटलं तरी सेकंदाला चारसुद्धा चित्रं होत नाहीत. वर सांगितलेला जुळवून घेणारा स्रोत इथेच सर्वांत जास्त कामी येतो. १७०० वर काम करणारे भिंग आणि मेंदू यांच्यामध्ये साध्या पाण्याऐवजी जड पाणी घालतात, कारण त्यात शोषण कमी होतं.

स्पंद जितका छोटा तितका चांगला, बरोबर?

नमुन्यापर्यंत पोचेपर्यंत छोटा राहिला तरच. काचेतून जाताना स्पंदातले वेगवेगळे रंग वेगवेगळ्या गतीने जातात आणि स्पंद पसरतो. भिंगं, फिल्टर, विजेने प्रकाश कमी-जास्त करणारा विद्युत-प्रकाशीय मॉड्युलेटर मिळून समजा १०,००० चौरस फेम्टोसेकंदांचं अपस्करण (रंगांच्या गतीतल्या या फरकाचं माप) झालं. आत शिरलेला १०० फेम्टोसेकंदांचा स्पंद बाहेर येताना सुमारे ३०० चा होतो. ५० फेम्टोसेकंदांचा स्पंद घातला तर तो साडेपाचशेच्या वर जातो! जास्त पैसे मोजून घेतलेला छोटा स्पंद पेशीपाशी जास्त लांब होऊन पोचतो.

म्हणून लेसरमध्येच उलटं अपस्करण आधी घालण्याची सोय असावी आणि ते बदलता यावं. भिंग बदललं की आकडा बदलतो. तो दर वेळी चाचपडत शोधावा लागू नये, प्रत्येक भिंगासाठी साठवून ठेवता यावा.

जास्त वॉटचा लेसर घेतला तर चित्र जास्त चांगलं येईल?

एका मर्यादेपर्यंतच. २०१६ मधल्या एका अभ्यासात १ मिलिमीटर रुंदीचा भाग स्कॅन करताना दर १०० मिलिवॉटमागे मेंदूचं तापमान सुमारे १.८ अंश सेल्सिअसने वाढलं, आणि २५० मिलिवॉटच्या वर अखंड प्रकाश दिल्यावर टिकाऊ इजा दिसली. तापमान अंशभर बदललं तरी चेतापेशींचं वागणं बदलू शकतं. मग आपण मेंदू पाहतोय की तापलेला मेंदू पाहतोय, हा प्रश्न उरतो. जाहिरातीतले ३ वॉट प्रकाशमार्गातल्या नुकसानीसाठी आणि किरण अनेक भागांत वाटण्यासाठी उपयोगी पडतात. पेशीवर जातात ते मिलिवॉटच.

'वापरायला सोपा' याची कसोटी कोणती?

सोपा म्हणजे एकच बटण, असं मानलं जातं. मला ती कसोटी अपुरी वाटते. लेसर बिघडतो तेव्हा तो काय करतो ते पाहा.

एक प्रसंग घ्या. प्रयोग चालू असताना लेसरमधली स्पंदांची लय तुटते आणि तो अखंड पेटू लागतो. सरासरी शक्ती जवळपास तेवढीच राहते, त्यामुळे मीटरवर काहीच वावगं दिसत नाही. चित्र मात्र काळं पडतं. समोर बसलेल्या व्यक्तीला वाटतं प्रकाश कमी पडतोय, म्हणून ती शक्ती वाढवते, आणखी वाढवते. चित्र येत नाही, उंदराचा मेंदू तापत राहतो. चांगल्या लेसरने ही लय स्वतः तपासावी, तुटली तर शटर बंद करावं आणि पडद्यावर साध्या भाषेत तसं सांगावं.

दुसरी गोष्ट स्थिरतेची. शक्ती १ टक्का वाढली तर दोन-फोटॉन संकेत २ टक्के आणि तीन-फोटॉन संकेत ३ टक्के वाढतो. पेशींचे कितीतरी संकेत मुळात काही टक्क्यांचेच असतात. लेसर हळूहळू वर-खाली होत असेल तर ती लाट मेंदूची हालचाल म्हणून आलेखात बसते. म्हणून शक्तीची नोंद वेळेच्या शिक्क्यासह चित्राबरोबरच साठायला हवी.

आणि आज्ञावली खुली हवी. प्रयोगशाळा आपल्याच प्रोग्रॅममधून लेसर चालवतात. कंपनीच्या सॉफ्टवेअरच्या खिडकीतूनच तो चालत असेल, तर त्याला लवचीक म्हणता येणार नाही.

ऑप्टोजेनेटिक्सला हाच लेसर चालेल का?

फायबरमधून निळा प्रकाश द्यायचा तर नाही. तिथे ४७० नॅनोमीटरच्या आसपासचा साधा डायोड लेसर पुरतो. चॅनेलऱ्होडॉप्सिनला दर चौरस मिलिमीटरला साधारण १ मिलिवॉट लागतो. २०० मायक्रोमीटरच्या फायबरच्या टोकाला १ मिलिवॉट दिला तर टोकापाशी त्याच्या तीसपट तीव्रता मिळते. ऊतीत ती झपाट्याने उतरते, म्हणून एवढी शिल्लक ठेवावी लागते. ४७३ नॅनोमीटरचे जुन्या धाटणीचे घनावस्था लेसर पेटताना पहिले काही क्षण अस्थिर असतात. मग त्यांच्यापुढे यांत्रिक शटर बसवतात, आणि त्याचा टिक्-टिक् आवाज उंदराला ऐकू येतो. उंदीर प्रकाशाला प्रतिसाद देतोय की आवाजाला, हे मग कोण सांगणार? डायोड थेट विजेने चालू-बंद करा.

निवडक पेशी एकेक करून चेतवायच्या असतील तर १०३० नॅनोमीटरच्या आसपासचा, कमी वेगाने पण जास्त ऊर्जेचे स्पंद देणारा यटर्बियम लेसर आणि प्रकाशाला हवा तो आकार देणारा मॉड्युलेटर लागतो.

मोकळ्या हिंडणाऱ्या प्राण्यावर हे जमतं का?

जमतं. पेकिंग विद्यापीठात २०१७ मध्ये २.१५ ग्रॅमचा दोन-फोटॉन सूक्ष्मदर्शक उंदराच्या डोक्यावर बसवला गेला. २०२२ मध्ये नॉर्वेतल्या ट्रॉन्हाइममधल्या गटाने ३ ग्रॅमपेक्षा कमी वजनाचा आराखडा प्रसिद्ध केला. लेसर दूर राहतो, स्पंद फायबरमधून जातो. साध्या काचेच्या फायबरचा एकच मीटर १०० फेम्टोसेकंदांचा स्पंद सातशेच्या पुढे ताणतो, म्हणून आतून पोकळ, हवेतून प्रकाश नेणारा फायबर वापरतात. तो ठरावीक तरंगलांबीसाठीच बनतो. इथे ९२० चा स्थिर लेसर सरस ठरतो, सगळीकडे फिरणारा नव्हे.

धोका कितपत?

हे बहुतेक लेसर चौथ्या, म्हणजे सर्वांत धोकादायक वर्गात मोडतात. अवरक्त प्रकाश दिसत नाही, तरी १४०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश डोळ्याचं भिंग नेत्रपटलावर केंद्रित करतं. लेप नसलेल्या काचेचा एक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकतो. १ वॉटच्या किरणाचे ते ४० मिलिवॉट झाले, आणि डोळा कायमचा जायला तेवढे खूप झाले. संपूर्ण मार्ग नळीत किंवा पेटीत बंद असावा, झाकण उघडताच किरण थांबावा. चष्मा त्याच तरंगलांबीचा आहे ना, हे दर वेळी पाहा.

माणसाच्या मेंदूवर वापरता येईल का?

हे दोन-तीन फोटॉनवाले तंत्र कवटी उघडल्याशिवाय नाही. कवटीबाहेरून, पेशी न दाखवता रक्तातल्या प्राणवायूचे बदल मोजण्याची अवरक्त पद्धत वेगळी आहे. तिचा पाया फ्रान्स योब्सिस यांनी १९७७ मध्ये घातला.

आमच्याकडे जुना टायटॅनियम-सफायर आहे. काढून टाकायचा का?

नाही. नवी प्रथिनं तपासायला, कुठली तरंगलांबी बसते ते शोधायला त्याच्यासारखा साथीदार नाही. रोजच्या, तासन्‌तास चालणाऱ्या नोंदींसाठी शेजारी एक स्थिर फायबर लेसर ठेवा. तो घेण्याआधी विक्रेत्याला पेटी तुमच्या सूक्ष्मदर्शकावर, तुमच्याच भिंगाखाली लावून दाखवायला सांगा. दिवसभर चालू ठेवा, दर तासाला एकाच चमकत्या नमुन्याचं चित्र घ्या आणि उजेड किती बदलला ते मोजा. आणि सुरू-बंद करायला विक्रेत्याच्या अभियंत्याला बसवू नका, रोज प्रयोग करणाऱ्या विद्यार्थ्यालाच बसवा.